मिशारीच्या गाडीचा आवाज

मिशारी गाडीखाली उताणा पडून एका गंजलेल्या नटाला शिव्या घालत होता. दोन वर्षांपूर्वी तो नट त्यानेच आवळला होता, त्यामुळे शिव्या फिरून त्यालाच लागत होत्या.

तेव्हा याच शेडखाली त्याने आपल्या स्पोर्ट्स कारचा मूळ सायलेन्सर कापून काढला होता आणि त्याच्या जागी सरळ नळी बसवली होती. काय आवाज यायचा! गाडी कोपऱ्यावर वळली की अख्ख्या गल्लीच्या काचा थरथरायच्या. आज तोच सायलेन्सर त्याने माळ्यावरून खाली काढला होता, आणि त्याच्यामागे आणखी एक छोटा सायलेन्सर जोडायचं ठरवलं होतं.

कारण होतं लुलवा. तिच्या घरून अर्धा होकार आला होता. उरलेला अर्धा शेजाऱ्यांच्या हातात होता. कुवेतमध्ये मुलगी द्यायची तर मुलाला काय विचारायचं? तो गोडच बोलणार. विचारायचं त्याच्या गल्लीला. लुलवाचे वडील येत्या गुरुवारी चौकशीला येणार होते.

आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली.

"थोरल्या जावयाने त्यांचं तोंड पोळलंय," ती म्हणाली. "रात्र रात्र बाहेर असायचा मेला. पोरगी दोन लेकरं घेऊन माहेरी आलीय. आता ते ताकही फुंकून पिणार."

"मग मला कसली भीती? मी दहाला घरात असतो."

"असतोस रे. पण गल्लीला तुझा हा ढणढणाटच ठाऊक आहे. समोरची उम्म फहद बाळ दचकतं म्हणून तीनदा भांडून गेली. ती काय गोडवे गाणार आहे तुझे?"

"तिचं सोड. बू-सालेह काय सांगेल?"

आईने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. बू-सालेह भिंतीला भिंत लागून राहायचा. चाळीस वर्षं मुलांना कुराण शिकवलेला म्हातारा, बारा वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या पुतण्याची चौकशी आली, तेव्हाही "पोरगा आळशी आहे" असं सांगून मोकळा झाला होता. पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे.

नाव काढायला आणि शेजारची खिडकी उघडायला एकच गाठ पडली. जुलैच्या उन्हात म्हातारा बाहेर पडत नसे. दिवसभर त्या खिडकीशीच बसून असायचा.

"मिशारी! सकाळपासून काय ठोकतोयस रे?"

"ऑइल बदलतोय, काका."

थाप त्याने विचार करूनच मारली. खरं सांगितलं असतं, तर म्हाताऱ्याने गुरुवारी पाहुण्यालाही खरंच सांगितलं असतं, की पोराने तुमच्यासाठी आठवड्यापूर्वीच गाडी गप्प केलीय.

"बदल, बदल," म्हातारा म्हणाला. "तुझ्यामुळे मला घड्याळ लागत नाही बघ. पहाटे साडेचारला निघतोस, रात्री दहाला येतोस. दोन्ही वेळा माझा पलंग हलतो."

तो हसत खिडकी लावून घेऊ लागला. मिशारीला मात्र टोमणा झोंबला. मेलो, त्याच्या मनात आलं, हा पलंगच माझं लग्न मोडणार.

मग त्याने हातचं राखून काही ठेवलं नाही. नटावर तेल सोडलं, पाइपवर हातोडी मारली, बोटं सोलून घेतली. नळी निघाली. दोन्ही सायलेन्सर रबरी कड्यांत लटकवले, सांध्यांवर पट्ट्या आवळल्या. शेवटी फडक्याचा बोळा पाइपच्या तोंडावर दाबून कुठे हवा फुसफुसते का, तेही ऐकलं. एकही सांधा गळत नव्हता.

"चालू कर की आता," आई म्हणाली.

"चालूच आहे."

आईने कपाळावर हात मारला आणि हसू लागली.

तो आठवडा मिशारी चोरासारखा गेला आणि चोरासारखा आला. कोपऱ्यावरूनच वेग कमी करायचा, दारसुद्धा हलकेच लावायचा. बू-सालेहच्या खिडकीकडे तो फिरकला नाही. चौकशीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या पुढेपुढे केलेलं बरं दिसत नाही. मंगळवारी उम्म फहदने स्वतः मिठाईची थाळी पाठवली. बाळ म्हणे सलग चार रात्री झोपलं होतं.

गुरुवारी लुलवाचे वडील आले. आईने पडद्याआडून सगळं पाहिलं. उम्म फहदच्या दारात ती आणि तिचा नवरा दोघंही हात हलवून हलवून बोलत होते. मग पाहुणे बू-सालेहकडे गेले आणि अर्धा तास बसले.

"उम्म फहदने तोंड भरून स्तुती केली, तिनेच सांगितलं मला," आई संध्याकाळी म्हणाली. "आता साखरपुड्याची तयारी."

शनिवारी दुपारी फोन आला. पलीकडून तीनच शब्द, जे अशा वेळी सगळेच वापरतात. आपलं नशीब नाही. कारण विचारायची रीत नाही. आईने फोन ठेवला आणि ती ओढणीत तोंड घालून रडली.

मिशारीचं डोकं फिरलं. मोडलं असेल तर ते म्हाताऱ्यानेच. आवाज बंद केला तरी जुना राग काढला! तो भर उन्हात तडक शेजारी गेला आणि दार ठोठावलं.

"कोण?"

"मिशारी."

बू-सालेहने धडपडत दार उघडलं, चाचपडत त्याचे दोन्ही खांदे धरले.

"आलास का रे? कुठे होतास तू? परवा मुलीचा बाप आला होता. त्याने मला एकच विचारलं, मुलगा रात्री घरी असतो का? मी खोटं कसं बोलू, बाळा? सांगितलं, पोरगा सोन्यासारखा होता, दोन वर्षांत एक रात्र चुकवली नाही. पण गेल्या शुक्रवारपासून त्याची गाडी एकदाही घरी आलेली नाही."