पप्पा म्हणायचं

"बाबा नाही. पप्पा."

"पप्पा."

"आणि अरे-तुरे नाही. पप्पा, तुम्ही."

"पप्पा, तुम्ही," सुरुची म्हणाली आणि हसत बाबाकडे बघायला लागली.

"तिकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ," सुचेता म्हणाली.

भिंतीला टेकून बाबा नखं कापत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

विद्यार्थ्याचे नाव: सुरुची बबन गुरव
वय: पाच वर्षे सात महिने
(खाडाखोड केलेला फॉर्म बाद समजला जाईल.)

म्हणून सुचेताने सगळं आधी पेन्सिलीने लिहिलं.

वडिलांचे शिक्षण:

पेन्सिल थांबली.

"बी.कॉम. लिही," बाबा म्हणाला.

"सर्टिफिकेट मागितलं तर?"

"मागत नाहीत. बोलून बघतात नुसतं. दहावी नापास लिहून दोनदा बघितलं ना आपण?"

दोन्ही शाळांनी कळवतो म्हणून सांगितलं होतं. कळवलं नव्हतं. दुसऱ्या शाळेत मॅडमनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करता? बाबाने पाठ केलेलं सांगितलं, "आय अ‍ॅम सर्व्हिस." मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. काशीगावला घरापाशी रिक्षातून उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाला, "नोकरी म्हणजे सर्व्हिसच ना गं?"

ही तिसरी. मीरा रोडची सगळ्यात मोठी शाळा. इथे नाही झालं तर पुढच्या वर्षी सुरुची वयातच बसणार नव्हती. सुचेताने तीन सोमवार धरले होते. देवापुढे रोज एकच वाक्य म्हणायची, हिच्या तोंडून एक शब्द चुकू देऊ नकोस.

आतापर्यंत विचारलेले प्रश्न

ही यादी बाबाची. इंटरव्ह्यू सुरू झाल्यापासून तो रोज संध्याकाळी नवे प्रश्न घेऊन यायचा. शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की पुरे. बाहेर पडणारे आईबाप एकमेकांशी भांडता भांडता सगळा पेपर फोडून जायचे.

"आज एकाला गायीचं पिल्लू विचारलं. पोरगं म्हणालं वासरू. गेलं ना कामातून."

"मग काय म्हणायचं?" सुरुचीने विचारलं.

"काफ."

"काफ." ती खिदळली. "बाबा, तू काफ!"

"सुरुची!" सुचेताचा आवाज चढला. "काय ठरलंय आपलं?"

सुरुचीचं तोंड एवढंसं झालं. "पप्पा," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

शनिवार, सकाळी साडेदहा. आई व वडील दोघांची उपस्थिती आवश्यक.

टाय चंदनमामाचा होता. चंदनमामा म्हणजे सुचेताचा भाऊ, अंधेरीला ऑफिसात होता. बूटही त्याचेच. शर्टही. त्या शर्टाला आदल्या संध्याकाळी बाबाने स्वतः इस्त्री केली. कॉलरवर दोनदा फिरवली.

"तुम्हाला वाईट वाटतंय," सुचेता म्हणाली.

"एक शब्द तर आहे. शब्दाचं काय वाईट वाटायचं?"

"बघा हं. अजून वेळ आहे."

"तिचं नाव लागू दे यादीत," बाबा म्हणाला. "मग मला काय पण म्हणू दे."

टोकन क्र. १४

फाटकावर निळ्या गणवेशातल्या वॉचमनने टोकन बघितलं. "सीधा जाके लेफ्ट," तो म्हणाला आणि बाजूला झाला. पप्पांनी टाय सारखा केला. सुचेताने सुरुचीचा हात इतका दाबला की ती कळवळली.

आत सगळं इंग्रजीत चाललं. पप्पा एकदाही अडखळले नाहीत. आय वर्क इन अ प्रायव्हेट फर्म, ते म्हणाले. सुचेता मान हलवत राहिली.

"आणि गायीचं बाळ?" मॅडमनी सुरुचीला इंग्रजीत विचारलं.

"काफ."

"व्हेरी गुड. घरी तुला सगळ्यात जास्त कोण आवडतं?"

हा प्रश्न यादीत नव्हता. सुरुचीने आईकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात वॉचमन पुढच्या टोकनांच्या चिठ्ठ्या घेऊन उभा होता.

"रख दो उधर," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "येस, सुरुची?"

सुरुचीच्या ओठांवर ब आला. ओठ मिटले. तसेच मिटलेले राहिले.

"पप्पा," ती म्हणाली.

मॅडम हसल्या. वॉचमन चिठ्ठ्या ठेवून निघून गेला.

"मुलीला वेळ देणारे वडील कमी बघायला मिळतात," त्या मराठीत बोलल्या. "यादी सोमवारी लागेल, पण काळजी करू नका. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकसभा असते. वडील हवेतच, बरं का."

"शुअर," पप्पा म्हणाले.

"आणि सुरुची, गेटवरच्या वॉचमनला रोज आय-कार्ड दाखवायचं. ओके?"

"ओके."

पालकाची सही:

तिघं फाटकाशी आली. वॉचमनने फाटक उघडलं आणि पप्पांना सलाम ठोकला. सुरुची थांबली. शिकवलं होतं तसं मान वर करून म्हणाली, "थँक यू, अंकल."

वॉचमनचा हात कपाळाशी तसाच राहिला.

रस्त्यापलीकडे काशीगावची रिक्षा भरत होती. सुचेता आत बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सुटल्यासारखी. पप्पांनी टाय सैल केला. सुरुची दोघांच्या मध्ये ताठ बसून फाटकाकडे बघत होती. रिक्षा चालू झाली, तेव्हा तिने टायचं टोक हळूच ओढलं.

"मामा, आता बाबाला टाटा केला तर चालेल?"