जाड कोटातून जाणारी गोळी

वेल्डन प्रुएटचा पहिला नातू टली जन्मला, त्याच वर्षी नोव्हेंबरात वेल्डन टलीच्या आईला, जोलीनला, घेऊन पिस्तूल घ्यायला निघाला. गावात दुकान होतं, पण त्याने गाडी पार लबक शहरापर्यंत नेली. गावातल्या दुकानदाराला सगळं घर ठाऊक होतं.

जोलीनचा जबडा अजून तारेने बांधलेला होता. ती दात न उघडता बोलायची. टली मागच्या सीटवर झोपला होता. त्याच्या हाताला प्लास्टर होतं. तीन महिन्यांच्या पोराला बसेल एवढं प्लास्टर असतं, हे वेल्डनला तोवर माहीत नव्हतं.

ज्याने हे केलं त्याचं नाव दोघं तोंडातून काढत नसत. नुसतं 'तो' म्हणत. कोर्टाने त्याला लांब राहायला बजावलं होतं. तरी त्याने फोन केला होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येणार, म्हणाला. भाजलेली टर्की मीच कापणार, आणि मग तुला.

दुकानदार हार्लन बोलका होता. त्याने काउंटरवर आधी एक एवढंसं पिस्तूल ठेवलं. बाईमाणसाच्या खिशात सहज मावतं, म्हणाला.

"त्याने माणूस थांबतो का?" वेल्डनने विचारलं.

"माणूस केवढा आहे त्यावर."

"सव्वासहा फूट. अडीचशे पौंड. दारू प्यायलेला असेल. अंगात जाड कोट, आतून मेंढीची लोकर."

हार्लनने ते पिस्तूल उचलून परत आत ठेवलं. गोळीचं टोक पोकळ असतं, त्याने समजावलं. ती अंगात शिरून फुलासारखी उमलली, तरच माणूस थांबतो. छोट्या पिस्तुलात जोर कमी. पोकळीत लोकर बसली की गोळी उमलत नाही. मग त्याने मोठं, जड फॉर्टी-फाइव्ह पिस्तूल काढलं. जोलीनने ते धरलं तर तिचं मनगट खाली आलं. शेवटी गोष्ट मधल्या आकाराच्या नाइन एमएमवर ठरली. हार्लनच्या मते आजकालच्या काडतुसांत फारसा फरक उरलेला नव्हता. गोळी लागते कुठे, ते खरं.

वेल्डनचं समाधान होईना. जन्मभर हरणांची शिकार केलेला माणूस. गोळी लागल्यावर माणूस किती वेळ उभा राहतो, शुद्धीत असतो का, त्याला कळतं का, हे तो फिरवून फिरवून विचारत राहिला.

"तडफड नको," तो म्हणाला. "पडला की संपला पाहिजे."

हार्लन हसला. "काका, त्या हरामखोराची एवढी काळजी कशाला? माझा जावई असता तर मी मुद्दाम छोटी गोळी दिली असती. ओरडू दे की दोन दिवस."

 वेल्डनने काडतुसांची सगळ्यात महागडी पेटी उचलली.

त्याची बायको ओपल असती तर तिने हे पिस्तूल घरात येऊ दिलं नसतं. पण ती वसंतातच गेली होती.

माळावर वेल्डनने भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा खांबाला बांधला आणि त्यावर आपला जुना कोट चढवला. जोलीन रोज त्यावर गोळ्या झाडायची. पिस्तूल पर्समध्ये ठेवायचं नाही, त्याने बजावलं. कमरेलाच हवं, स्वयंपाक करतानासुद्धा, वरून एप्रन.

"तो डावखुरा आहे," तो सांगायचा. "डावा हात उचलला की मार. उजव्याने तुला अडवता यायचं नाही. लहानपणी पवनचक्कीवरून पडला, तेव्हापासून तो खांदा वर जात नाही."

"बाबा, तुम्ही असणार ना घरात?"

"असणार."

"मग तुम्हीच का नाही?"

वेल्डनने खांबावरचा कोट सारखा केला.

"माझा हात थरथरेल, पोरी."

गेल्याच आठवड्यात त्याने धावतं हरीण एका गोळीत लोळवलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी तो आला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने, न ठोठावता. त्या दाराची चौकट बुटकी होती. नवखा माणूस हमखास डोकं आपटायचा. त्याने न बघताच मान वाकवली. अंगात तोच लोकरीचा कोट होता, ओपलने नाताळला दिलेला.

टेबलावरची टर्की कापायची सुरी त्याने उचलली. जोलीनचे केस धरून तिला ओव्हनवर आपटलं. तिच्या जबड्यातली तार तुटली, तोंडातून रक्त आलं. पाळण्यात टली किंचाळायला लागला.

"आधी त्याचं तोंड बंद करतो," तो म्हणाला आणि पाळण्याकडे वळला. सुरीचा डावा हात वर गेला.

जोलीनने एप्रनखालून दोनदा चाप ओढला.

कोटाला दोन लहान भोकं पडली. तो भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला. फरशीवर रक्त पसरत टेबलाखाली गेलं. त्याने एकदाच मान वर करून टेबलापाशी उभ्या वेल्डनकडे बघितलं, आणि नजर तिथेच थांबली. तडफड झाली नाही.

वेल्डन रक्तात गुडघे टेकून बसला. त्याने सुरी बाजूला सारली, त्याच्या कपाळावरचे केस मागे केले, आणि थंडी लागू नये तसं कोटाचं वरचं बटण लावलं.

सत्तावीस नोव्हेंबरला, गुरुवारी, ड्वेन प्रुएट मेला. वय एकोणतीस. वेल्डन आणि ओपलचा एकुलता एक मुलगा.