कासवाची जोडी

सत्त्याऐंशी साली मी दोंडाईच्याला गुरांचा डॉक्टर होतो. एकदा भाईदासआबांनी कासव दाखवायला घरी बोलावलं. दारातच त्यांच्या पत्नी लिलाबाईंनी पळीने माझ्या हातावर तीर्थ घातलं. जरा आंबूस लागलं. पंचामृत असेल म्हणून गिळलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मागच्या अंगणात गेलो.

कासव पत्र्याच्या टबात होतं. रोज त्याला दुधाचा अभिषेक, वर हळद-कुंकू. पाण्यावर कुजक्या दुधाची साय धरलेली आणि तिच्यात अळ्या वळवळत होत्या. मी नाकाला रुमाल लावूनच ते उचललं. पाठ बोटाने दबत होती, डोळे पुवाने चिकटले होते.

"याले मादी आनू का, साहेब?" आबांनी विचारलं. "पिलं व्हतीन ना?"

"अहो आबा, हे जगलं तरी पुष्कळ! याची वीण कसली करताय? आधी ही घाण बाहेर ओता!" माझा आवाज चढला.

आबांनी दोन्ही कानांना हात लावले. "घान म्हनू नका, साहेब. एक कासवनं बठ्ठा गावले पुरत नही, म्हनीसन तं जोडी लावनी शे."

"काय पुरत नाही?"

लिलाबाई मागे उभ्याच होत्या. हातातलं भांडं टबात बुडवत म्हणाल्या, "तीर्थ. आत्ते तुमना हातवर दिधं ना, तेच. आखो देऊ का?"