सत्तर मिनिटं

"सत्तर मिनिटं? मी काय रांगत जातो का?" म्हाताऱ्या रखवालदाराने संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं.

समोर त्याची सून बसली होती. पुरातत्त्व कार्यालयात नकाशे करायचं काम तिचं. रस्त्यापासून एकेका अवशेषापर्यंत चालत किती वेळ लागतो, ते ती चढ-उतार धरून संगणकावर काढायची. या नकाशावरूनच कुठला रखवालदार ठेवायचा नि कुठला काढायचा, ते आज पलीकडे बसलेले साहेब ठरवणार होते. लांबच्या जागांवर आधी कुऱ्हाड, असं शिपायाने म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं होतं. टेकडीवरचे कोरीव दगड त्याने सव्वीस वर्षं सांभाळले होते. पोटच्या पोरापेक्षा जास्त, असं घरचे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

सासरा-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एका घरात राहून दोन वर्षं दोघं मुलाच्या मार्फत बोलत होते.

"साहेब, त्यात मी ओझं धरलंय, म्हणून..." सून म्हणाली.

"ऐका! घरात मी ओझं, आता नकाशातही ओझंच!" म्हातारा कडाडला. "चला साहेब, लावा घड्याळ. चढून दाखवतो."

सुनेचा चेहरा लालबुंद झाला. खड्ड्यात गेला तो नकाशा, असं तिला वाटलं. साहेब तरणेबांड, हौशी. ते लगेच उठले. सूनही मागोमाग निघाली.

टेकडीच्या पायथ्याशी म्हाताऱ्याने चपला घट्ट केल्या. वर पाण्याचा थेंब नाही, म्हणून पंधरा लिटरचा कॅन तो रोज खांद्यावरून वर न्यायचा. आज त्याने तो चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवला.

"मामंजी, कॅन घ्या," सून म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच थेट त्याच्याशी.

"का गं? मी हरावं म्हणून?"

आणि तो सुटला. साहेबांची दमछाक झाली, पण हा पठ्ठ्या कुठे थांबला नाही. वर पोचल्यावर साहेबांनी धापा टाकत घड्याळ पाहिलं. बेचाळीस मिनिटं! म्हाताऱ्याने दगडांवरून असा हात फिरवला, जणू तेच जिंकले होते.

"शाबास!" साहेबांनी कागद काढून आकडा खोडला, नवा लिहिला आणि सही ठोकली. "तासाच्या आतली जागा. मग इथे माणूस नको. गाडीतलं पथक आठवड्यातून एकदा बघून जाईल. रखवालदार फक्त तासापलीकडच्या जागांना."

"अहो, पण साहेब, रोज पाणी घेऊन..."

"तुम्हीच दाखवलंत की!"

म्हातारा दगडाला टेकून बसला. कितीतरी वेळाने वाटेवर पावलं वाजली. सून वर आली, घामाने निथळत, खांदा सोलवटलेला. तिने कॅन त्याच्या पुढ्यात आदळला.

"घ्या तुमचं पाणी," ती म्हणाली. "बघा घड्याळ. सत्तर मिनिटं."