डावीकडचा आवाज

हेडफोन लावून पाच मिनिटं झाली तरी विजयमालाला काहीच ऐकू येईना. पडद्यावर मॅनेजर साहेबांच्या आवाजातलं पत्र वाजत होतं, हिरवी रेघ हलत होती. ते ऐकून टाइप करायचं, एवढीच बारामतीच्या त्या दूध संघातल्या नोकरीची परीक्षा. आधीचे दोघं तर टाइप करून चहालाही गेले होते.

 तिचा डावा कान लहानपणीच गोवरानं गेलेला. बावड्याच्या एसटीडी बूथवर ती कामाला होती, तिथं ते कळलं आणि मालकानं दुसऱ्याच दिवशी नारळ दिला. आज शेळगावहून निघताना आईनं, भागूबाईनं, दहादा बजावलं होतं, "कानाचं कुणाला सांगायचं न्हाय."

आता उजवाही गेला की काय?

हेडफोन सरकवून तिनं टेबलावर टिचकी मारली. ऐकू आली. मग वायर उपसून पुन्हा खोचली. पडद्याच्या कोपऱ्यातला, घड्याळाशेजारचा आवाजाचा पिवळा कर्णा उघडला. आवाज पूर्ण वर, 'म्यूट'वर खूण नाही. 'बॅलन्स'चं बटण मात्र पार डाव्या टोकाला. सगळा आवाज तिच्या मेलेल्या कानात चालला होता.

बटण मध्ये आणायला तिनं माउस धरला, पण हात थबकला. मॅनेजर देवकाते साहेबांनी आधीच दम भरला होता, "कशाला हात लावायचा न्हाय. सगळं मी लावून ठेवलंय." माणूस खडूस. दारातून तिनं दोनदा "नमस्कार साहेब" म्हटलं, तर मानही वर केली नाही. मग एकदम दचकून म्हणाले, "ह्या अंगाला या," आणि तिला टेबलाला वळसा घालायला लावला.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, विजयमालाला सुचली. तिनं हेडफोन उलटा घातला. साहेबांचा आवाज उजव्या कानात खणखणीत आला आणि बोटं धावू लागली.

शेवटची ओळ उरली होती, तोच पडद्याच्या काचेत मागे उभे साहेब दिसले. तिनं घाईनं हेडफोन उतरवला.

"हेडफोनचा माईक डावीकडं असतो. तुमचा उजवीकडं कसा?"

 "चुकून, साहेब."

"चुकून न्हाय. कुठला कान?"

"डावा," ती पुटपुटली.

साहेबांनी मान तिरकी केली. "काय? मोठ्यानं सांगा."

अख्ख्या ऑफिसाला ऐकवायचं होतं तर यांना! "डावा!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. संपलं. तिनं पिशवी उचलली.

साहेबांनी दार लोटून घेतलं. ती आणखीच घाबरली.

"बस खाली, पोरी. ते बटण मीच डावीकडं नेलंय." त्यांनी आवाज बारीक केला आणि आपल्या उजव्या कानाची पाळी धरली. "हितं कुणाला सांगायचं न्हाय. ह्या अंगाचं रान पड हाय माझं. पड रानाला पाणी कशाला सोडायचं?"