बिनआवाजाची गाडी

नाशिकहून पिंपळगावच्या मळ्यापर्यंत वाल्मीकच्या नव्या प्लग-इन हायब्रिड गाडीचं इंजिन एकदाही सुरू झालं नाही. घरी चार्ज केलेल्या बॅटरीवरच ती गुपचूप पोचली. "तुमचा जुना डिझेल खटारा अख्ख्या शिवाराला ऐकू यायचा!" बायको हसली. तो खटारा दारात येईपर्यंत आई ओट्यावर, लेकानं दिवाळीला घेतलेल्या पातळात बसलेली असायची. धाकट्या भावाकडे आई राणीसारखी राहते, असं वाल्मीक चारचौघांत सांगायचा. आज ओटा रिकामा होता. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. गोठ्यात, शेणाच्या पाटीशेजारी, फाटक्या लुगड्यातली आई कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खात होती. वाल्मीक गोठ्यात शिरला. तेवढ्यात गाडी पाहून भावजय दिवाळीचं पातळ घेऊन पळत आली, "आत्याबाई, नेसा पटकन, दादा आलेत!" समोर तोच उभा. भाकरी पदराखाली सारत आई लेकावरच डाफरली, "आरं, हारन तरी वाजवायचा!"