येते म्हण

"वर्षाच्या आत मुलीला परत आणा, नाहीतर तिचं ग्रीन कार्ड धोक्यात येईल," घटस्फोटाच्या वेळी अमेरिकेतल्या वकीलबाई म्हणाल्या होत्या. "बघू हो, पुढचं पुढे," म्हणत मी शाल्मलीला घेऊन सांगलीला माहेरी आले.

अकरावा महिना लागला. नवऱ्याच्या आधारावरचा माझा व्हिसा घटस्फोटाबरोबरच संपलेला, म्हणून तिचे बाबा तिला न्यायला आले. रोज वेणी घालताना मी तिच्याकडून घोकून घेत होते, "तिथल्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या साहेबांनी विचारलं तर सांगायचं, आजीकडे राहायला गेले होते, आता घरी आले."

निघताना, विमानतळाच्या दारात, तिनं माझी ओढणी धरली. "आई, मी 'येते' म्हणू की 'जाते'? घर तर तिकडे आहे ना?"

"येते म्हण, बाळा."

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि इथल्याही कुठल्या साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानात म्हणाली, "येते."

अमेरिकेत, तिच्या बाबांच्या गावी, एडिसनमध्ये कुणी राहता का? पुढचे दोन दात पडलेली, सहा वर्षांची शाल्मली बागेत दिसली, तर "जेवलीस का गं?" एवढं मराठीतून विचारा. काय म्हणाली, ते मला कळवा.